वायफायचा पल्ला: यंत्र आधी की मांडणी आधी?

घरातील वायफायबद्दलच्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात. पहिली पल्ल्याची: राउटरच्या खोलीत नेट चालते, स्वयंपाकघरात पोचत नाही. दुसरी वेगाची: रेंज सगळीकडे दिसते, पण व्हिडिओ थांबत थांबत चालतो. दोन्हींचे मूळ अनेकदा एकाच ठिकाणी असते, उपाय मात्र वेगवेगळे असतात. उपाय चुकला की पैसे जातात आणि तक्रार तशीच राहते.

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव हे नागपूर–तुळजापूर राष्ट्रीय महामार्गावर आर्णी आणि उमरखेड यांच्या दरम्यान वसलेले तालुक्याचे गाव आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातील या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात घरे एका साच्याची नसतात. समोर जाड मातीच्या भिंतींचा जुना भाग आणि त्यावर कवेलू, मागे नंतर बांधलेली विटा-सिमेंटची खोली, बाजूला टीन टाकलेली सपरी, कुठे वर चढवलेला स्लॅब, असे तीन-चार काळांचे बांधकाम एकाच घरात सापडते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटसाठी दिलेला सल्ला अशा घराला जसाच्या तसा लागू पडत नाही.

उपायांबद्दल दोन मते सर्रास ऐकू येतात. एक मत राउटर विकणाऱ्या दुकानदाराचे: यंत्र चांगले घ्या, प्लॅन मोठा घ्या. दुसरे घराघरांत तारा ओढणाऱ्या वायरमनचे: आहे ते नीट बसवा, मग विकत घ्या. पुढे ही दोन्ही मते समोरासमोर ठेवली आहेत. दोघेही आपापल्या अनुभवाने बोलतात, आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे.

मोजल्याशिवाय निदान नाही

दुकानदार : भाऊ, गिऱ्हाईक येतं आणि एवढंच सांगतं की नेट स्लो आहे. मी म्हणतो, प्लॅन वाढवा. पन्नासचा शंभर करा. वेग कमी पडतो तर वेग घ्यावा, यात चूक काय?

वायरमन : शेठ, नेट कुठे स्लो आहे ते विचारलं का? फायबरमध्ये, राउटरमध्ये की हवेत? तिन्ही जागा वेगळ्या आहेत. फायबरमधून पन्नास येत असतील आणि मागच्या खोलीत तीनच पोचत असतील, तर शंभर घेतल्यावरही तिथे तीनच पोचतील.

वायरमनचा मुद्दा मोजणीने तपासता येतो. त्यासाठी तीन मापे पुरेशी असतात. पहिले माप राउटरला तारेने लॅपटॉप जोडून घ्यायचे. ते सेवा देणाऱ्याकडून येणारा खरा वेग दाखवते. दुसरे माप त्याच खोलीत, राउटरपासून दोन-तीन मीटरवर, वायफायवर घ्यायचे. ते राउटरची आणि फोनची कुवत दाखवते. तिसरे माप जिथे तक्रार आहे त्या खोलीत घ्यायचे. पहिलेच माप कमी आले तर दोष बाहेर आहे. पहिले चांगले आणि दुसरे कमी आले तर राउटर जुना आहे किंवा त्याची मांडणी चुकली आहे. पहिली दोन चांगली आणि तिसरे कमी आले तर प्रश्न निव्वळ पल्ल्याचा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, मायस्पीड हे ॲप अशा मोजणीसाठी वापरता येते.

हीच मोजणी सकाळी आणि रात्री जेवणानंतर, अशी दोन वेळा करावी. तारेवरचे माप सकाळी भरपूर आणि रात्री निम्म्याहून कमी येत असेल, तर अडचण घराबाहेरच्या सामायिक जोडणीत आहे. तिथे राउटर बदलून किंवा तार ओढून काही साधत नाही. आकडे आणि वेळा लिहून सेवा देणाऱ्याकडे तक्रार करणे हाच उपाय उरतो.

आकडे वाचताना एक गोंधळ टाळावा. प्लॅनमधला वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. जोडणी उत्तम असूनही "शंभर सांगितले, बाराच मिळतात" अशी तक्रार यातून उद्भवते.

दुकानदार : मोजणी मान्य. पण घरात माणसं वाढली, फोन वाढले, टीव्ही आला. जुना प्लॅन कसा पुरणार?

वायरमन : बेरीज करून बघू. टीव्हीवर एचडी सिनेमाला पाच, दोन फोनवर व्हिडिओ चालू असले तर दहा, मुलीच्या ऑनलाइन क्लासला तीन. झाले अठरा. पन्नासच्या प्लॅनमध्ये अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत.

ही बेरीज ढोबळ असली तरी दिशा बरोबर दाखवते. एचडी चित्राला साधारण पाच एमबीपीएस लागतात, व्हिडिओ कॉलला दोन ते चार, आणि फोरके चित्राला पंधरा ते पंचवीस. भारतात ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी लागणारा किमान वेग २०२३ मध्ये ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेण्यात आला. त्या किमान पातळीवर कुटुंबाचा दिवस निभणार नाही, पण बहुतेक घरांना शेकडो एमबीपीएसचीही गरज नसते. घरातून मोठ्या फाइलींचे काम करणारे किंवा फोरके टीव्ही चालवणारे कुटुंब याला अपवाद आहे. तिथे दुकानदाराचा सल्ला योग्य ठरतो.

भिंत, टीन, स्लॅब आणि कूलर

दुकानदार : मग मोठ्या अँटेनाचा राउटर घ्यावा. चार दांड्यांचा, सहा दांड्यांचा. जोर जास्त, रेंज जास्त.

वायरमन : तो डबा लोखंडी कपाटावर ठेवला तर दांड्या सहा असोत की सोळा, कपाटामागे काही पोचणार नाही.

वायफायच्या लहरी रेडिओ लहरीच आहेत. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की त्यांची ताकद एक चतुर्थांश होते. भिंतींमुळे होणारी घट त्याहून वेगळी आणि बहुधा मोठी असते. ताकद मोजण्याचे एकक डीबीएम असून आकडे उणे चिन्हाने येतात. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो, आणि उणे ८० ला जोडणी नावापुरती उरते. उणे ५० आणि उणे ८० यांच्यात हजारपटीचा फरक आहे. फोनवरच्या रेघांमधून तो उमगत नाही, म्हणून वायफाय तपासणारे एखादे ॲप फोनवर घेऊन घरभर एकदा फिरणे उपयोगी पडते.

कोणता अडथळा किती लहर खातो, याचा क्रम ठरलेला आहे. प्लायवूडचा दरवाजा आणि सुके लाकूड जवळजवळ अडवत नाहीत. विटांची एकपदरी भिंत काही भाग घेते. दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत बराच भाग शोषते, आणि पावसाळ्यात ओल धरली की आणखी शोषते, कारण पाणी या लहरी शोषून घेते. लोखंडी जाळी घातलेला स्लॅब वरच्या मजल्याची वाट अडवतो. टीन, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा लहर परतवून लावतात. पाण्याची भरलेली टाकी आरपार काही जाऊ देत नाही.

विदर्भातील घरात यात एका ऋतूची भर पडते. उन्हाळ्यात खिडकीत कूलर बसतो: लोखंडी पत्र्याचा, आत पाणी, बाजूंना भिजलेले पॅड. एरवी ज्या खिडकीतून अंगणात रेंज जात होती तीच खिडकी धातूने आणि पाण्याने बुजते. "मार्चपर्यंत चालत होतं, आता चालत नाही" या तक्रारीचे हे एक साधे कारण असते. दिवाळीनंतर घरात साठवलेल्या कापसाची मात्र फारशी अडचण होत नाही. सुक्या कापसाच्या ढिगात बहुतांश हवाच असते. सोयाबीन किंवा तुरीच्या पोत्यांची छतापर्यंत रचलेली थप्पी मात्र जवळपास भिंतीसारखीच वागते.

दुकानदार : पण जास्त ताकदीचा राउटर या भिंती काही अंशी तरी भेदेल ना?

वायरमन : राउटर कितीही मोठ्याने ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. फोनचं उत्तर राउटरला ऐकू आलं नाही, तर संवाद होणारच नाही.

हा मुद्दा बहुतेक जाहिरातींतून निसटतो. वायफाय दुतर्फा चालते. राउटरने पाठवलेला प्रत्येक भाग मिळाल्याची पोच फोनला द्यावी लागते, आणि फोनची प्रक्षेपणशक्ती बॅटरीमुळे मर्यादित असते. शिवाय राउटरच्या ताकदीवर कायद्याचीही मर्यादा आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ मध्ये परवान्याशिवाय वापरण्यास खुला झाला, तो ताकदीची कमाल मर्यादा घालूनच. अँटेना जास्त चांगली असेल तर ऐकणे आणि बोलणे दोन्ही सुधारते, हे खरे. पण अँटेना नवी ऊर्जा तयार करत नाही. ती एका दिशेची ऊर्जा काढून दुसऱ्या दिशेला देते. उभ्या दांडीच्या अँटेनाची ऊर्जा तिच्या चारही बाजूंना आडवी पसरते, टोकाच्या दिशेने वर-खाली फार कमी जाते. म्हणून एकमजली घरात दांड्या उभ्या ठेवाव्यात. वर माडी असेल तर एखादी दांडी आडवी करून पाहावी.

जागेचा नियम यातूनच निघतो. राउटर घराच्या मध्यभागी, माणसाच्या खांद्याच्या किंवा डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवावा. दारे एका ओळीत असतील तर त्या ओळीत ठेवावा, कारण उघड्या दारातून लहर बिनअडथळा जाते. दुमजली घरात जिन्याजवळची जागा चांगली, कारण स्लॅबला तिथे मोकळीक असते.

अडचण अशी की फायबर रस्त्याच्या बाजूने येते, आणि जोडणी करणारा माणूस समोरच्या खोलीतच डबा लावून जातो. महागावसारख्या गावात रस्त्याला अरुंद तोंड आणि आत लांबवर गेलेली घरे पुष्कळ आहेत. अशा घरात समोर लावलेल्या डब्याची निम्मी रेंज रस्त्यावर वाया जाते. फायबरचा डबा समोर राहू द्यावा, त्यातून एक लॅन केबल मधल्या खोलीपर्यंत न्यावी आणि राउटर तिथे लावावा. या एका बदलाने जे साधते ते महागडा राउटर समोरच्या खोलीत लावूनही अनेकदा साधत नाही.

दोन पट्टे, दोन स्वभाव

दुकानदार : जागा मान्य. पण जुना एकाच पट्ट्याचा डबा मध्यभागी ठेवला तरी त्याची धाव ती काय? त्यावर तीनशे लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं, तीनशे मिळणार.

वायरमन : इथे तुमचं बरोबर आहे, शेठ.

घरगुती वायफाय प्रामुख्याने दोन पट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची साधारण साडेपाच. आखूड लहरीचा माग कमी अंतरावरच हरवतो आणि भिंतीतही ती जास्त अडते. म्हणून ५ गिगाहर्ट्झचा पल्ला कमी. पण तिथे जागा भरपूर आहे. २.४ च्या पट्ट्यात चॅनेल एकमेकांवर चढलेले असल्याने १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांना न छेदता वापरता येतात. ५ च्या पट्ट्यात भारताने २०१८ मध्ये एकूण ६०५ मेगाहर्ट्झ एवढी जागा परवान्याशिवाय खुली केली. रुंद जागा मिळाली की वेग वाढतो.

स्वस्त राउटरवर लिहिलेला ३०० हा आकडा २.४ च्या पट्ट्यात दुप्पट रुंदीचे चॅनेल आणि दोन अँटेना धरून काढलेला कागदी आकडा असतो. प्रत्यक्षात वायफायवर कागदी वेगाच्या निम्मा ते दोन तृतीयांश वेग मिळतो, आणि शेजाऱ्यांचे राउटर असतील तर त्याहूनही कमी. शिवाय अशा अनेक राउटरची तारेची पोर्ट १०० एमबीपीएसचीच असतात. म्हणजे २०० चा प्लॅन घेतला तरी राउटरच्या दारातून शंभराहून जास्त आत येणारच नाही. २०१३ मध्ये प्रमाणित झालेल्या ८०२.११एसी पद्धतीचा, दोन पट्ट्यांचा आणि गिगाबिट पोर्टचा राउटर ही आजच्या घराची वाजवी किमान गरज मानता येते. २०२१ मध्ये प्रमाणित झालेली ८०२.११एएक्स, म्हणजे वायफाय ६, ही पद्धत जिथे एकाच वेळी खूप उपकरणे चालतात तिथे जास्त उपयोगी पडते. मात्र फोनही त्या पद्धतीचा असला पाहिजे.

वापराची वाटणी पट्ट्याच्या स्वभावाप्रमाणे करावी. राउटरच्या खोलीतील आणि शेजारच्या खोलीतील टीव्ही, लॅपटॉप, फोन ५ वर. लांबची खोली, अंगण आणि ज्यांना थोडाच वेग लागतो अशी उपकरणे २.४ वर. बाजारपेठेत दुकानाला दुकान लागून असते, आणि ॲपवर एकाच चॅनेलवर दहा-बारा नावे दिसतात. तिथे २.४ चे चॅनेल १, ६, ११ पैकी कमी गर्दीचे निवडून स्थिर करावे आणि त्याची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. शेतातल्या किंवा वस्तीच्या टोकाच्या घराला ही काळजी फारशी नसते.

हवा सगळ्यांची एकच

दुकानदार : लांबच्या खोलीत एकच रेघ दिसते, तरी माणूस तिथेच बसून फोन बघतो. त्याचं नेट हळू चालतं, तो त्याचा प्रश्न. बाकीच्यांना काय फरक पडतो?

वायरमन : फरक सगळ्यांनाच पडतो. एका चॅनेलवर एका वेळी एकच बोलतो. तो हळू बोलला की बाकीचे थांबून राहतात.

पल्ला आणि वेग इथे एकमेकांत गुंततात. एका चॅनेलवरची सगळी उपकरणे हवेतील वेळ वाटून घेतात. रेंज कमजोर झाली की राउटर आणि फोन चूक टाळण्यासाठी सावकाश बोलू लागतात. तेवढीच माहिती पाठवायला मग कितीतरी जास्त वेळ जातो. समजा, राउटरजवळचा फोन २०० च्या आणि मागच्या खोलीतला १० च्या गतीने जोडलेला आहे. दोघांना आळीपाळीने सारख्या आकाराचे भाग मिळत गेले, तर लांबच्या फोनचा एक भाग जवळच्याच्या वीसपट वेळ घेतो. परिणामी दोघांनाही प्रत्येकी साधारण साडेनऊच मिळतात. एकटा असता तर जवळच्या फोनला दोनशेपर्यंत मिळाले असते. नवीन राउटरमध्ये प्रत्येकाला सारखा वेळ देणारी सोय असते. तिने जवळच्याचे नुकसान कमी होते, पण लांबच्याची गती वाढत नाही.

म्हणून घरातला कमजोर कोपरा ही एका माणसाची अडचण राहत नाही. तो सगळ्या घराचा वेग खातो. अलीकडे अंगणात आणि दुकानात वायफायवर चालणारे कॅमेरे लागले आहेत. ते चोवीस तास चित्र पाठवतात, आणि बहुधा सर्वांत लांब, भिंतीबाहेर, कमजोर रेंजमध्ये बसवलेले असतात. असे दोन कॅमेरे २.४ चा पट्टा दिवसभर अडवू शकतात.

वरच्या दिशेचा वेगही विसरू नये. फोनमधील फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप अपलोडची वाट भरून टाकतो, आणि त्याच वेळी पुण्यातल्या मुलाशी चाललेला व्हिडिओ कॉल तुटू लागतो. महाडीबीटीसारख्या संकेतस्थळावर कागदपत्रे चढवताना अर्ज अर्धवट लटकतो, तेव्हाही अनेकदा हेच कारण असते. बॅकअप रात्री उशिराच्या वेळेवर टाकावा, आणि राउटरमध्ये कामाला अग्रक्रम देण्याची सोय असेल तर ती चालू करावी. पासवर्ड जुना आणि गल्लीभर पसरलेला असेल तर तो बदलावा. सुरक्षेची पद्धत किमान डब्ल्यूपीए२ असावी.

रिपीटर, मेश की तार

दुकानदार : मागच्या खोलीसाठी मी रिपीटर देतो. सॉकेटात लावला, बटण दाबलं, रेंज आली. भिंत फोडायची नाही, तार ओढायची नाही. भाड्याच्या घरात दुसरं काय करणार?

वायरमन : रेघा येतात, वेग येत नाही. लोक तो रिपीटर नेमका त्याच खोलीत लावतात जिथे रेंज नाही. तिथे तो काय ऐकणार आणि पुढे काय सांगणार?

दोघांचेही खरे आहे. एकाच पट्ट्यावर चालणारा रिपीटर प्रत्येक भाग आधी ऐकतो आणि मग पुन्हा बोलतो. हवेतील वेळ दोनदा खर्च होतो आणि वेग जवळपास निम्मा होतो. दोन पट्ट्यांचा रिपीटर एका पट्ट्यावर ऐकून दुसऱ्यावर बोलतो, त्यामुळे तोटा कमी. रिपीटर लावायचाच असेल तर तो अंधाऱ्या खोलीत नव्हे, राउटर आणि ती खोली यांच्या मधल्या वाटेवर, जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे लावावा. मेश म्हणजे अशाच यंत्रांचा एकमेकांशी जुळवून चालणारा संच. एक नाव, एक पासवर्ड आणि चालता चालता फोन एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाणे, ही त्याची सोय. मात्र यंत्रे एकमेकांशी हवेतून बोलत असतील, तर जाड भिंतीचा नियम त्यांनाही लागू होतो.

तारेने जोडलेले दुसरे यंत्र, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग नेते. घरातली कोणतीही खोली त्याच्या आत येते. केबल घेताना आतली तार शुद्ध तांब्याची आहे का ते पाहावे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, पण लांब अंतरावर आणि वळणांवर दगा देते. जुना राउटरही बहुधा अशा कामाला वापरता येतो. त्यातली आयपी वाटण्याची सोय बंद करायची, केबल लॅन पोर्टमध्ये लावायची, नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखे ठेवायचे आणि चॅनेल वेगळे निवडायचे.

दुकानदार : दोन यंत्रं लावली तरी फोन जुन्यालाच चिकटून राहतो. गिऱ्हाईक परत माझ्याकडेच येतं.

वायरमन : मुख्य राउटरचा जोर एक पायरी कमी करा.

हा उपाय उलटा वाटतो, पण बरोबर आहे. कोणत्या यंत्राला जोडायचे हे बहुतांश फोनच ठरवतो, आणि ऐकू येत असेपर्यंत तो जुने यंत्र सोडत नाही. मुख्य राउटरची ताकद थोडी उतरवली की मागच्या खोलीत त्याची रेंज लवकर क्षीण होते आणि फोन जवळचे यंत्र पकडतो. दोन यंत्रांच्या घरात कमी ताकद कधीकधी जास्त वेग देते.

तारेचा आणखी एक फायदा आहे. टीव्ही, संगणक, कॅमेरे ही न हलणारी उपकरणे तारेवर गेली की हवा फोनसाठी मोकळी होते. जे हलत नाही ते तारेवर आणि जे हातात फिरते ते हवेवर, ही वाटणी जमेल तितकी पाळावी. भाड्याच्या घरात भिंतीच्या कडेने, पट्टीत बसवलेली केबल ओढता येते, त्यासाठी भिंत फोडावी लागत नाही.

अंगणापलीकडे

अंगणापलीकडचा कोठा, भावाचे शेजारचे घर किंवा शेतातली खोली यांना वेगळा विचार लागतो. मोकळ्या जागेत मध्ये झाड किंवा भिंत नसेल, तर ५ गिगाहर्ट्झवर चालणारी, एकमेकांकडे रोखलेली एकदिशी यंत्रांची जोडी शेकडो मीटरचे अंतर सहज पार करते. बाभूळ किंवा कडुनिंबाची हिरवी फांदी मध्ये आली तर पावसाळ्यात जोडणी कमजोर होते. उन्हाळ्यात पाहिलेली मोकळी रेषा श्रावणातही मोकळी राहील का, हे बसवण्याआधी पाहावे.

दोन इमारतींच्या दरम्यान तांब्याची केबल उघड्यावरून नेणे मात्र टाळावे. दोन्हीकडची अर्थिंग वेगळी असते. जवळ वीज पडली की त्या केबलमधून दाब दोन्ही टोकांच्या यंत्रांत शिरतो. अशा ठिकाणी फायबर टाकावे, कारण काचेतून वीज वाहत नाही.

शहराबाहेरच्या वस्तीत घरापर्यंत फायबर पोचतेच असे नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या राष्ट्रीय योजनेला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली, आणि २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. पंचायतीपर्यंत आलेले फायबर आणि घरातला राउटर यांच्यातले शेवटचे अंतर स्थानिक केबलचालकांनी जोडायचे असते. ते जिथे जोडले गेले नाही तिथे मोबाइल जाळ्यावर चालणारी ४जी-५जी यंत्रे हा पर्याय आहे. त्यांची मांडणी वेगळी असते: टॉवरच्या दिशेला असलेल्या खिडकीत किंवा छतावर घेणारे यंत्र, आणि तिथून केबलने घराच्या मध्यावर राउटर. टिनाखाली ठेवलेले असे यंत्र टॉवरचे जेमतेम ऐकते.

वीज, ऊन आणि पाऊस

दुकानदार : नेट गेलं म्हणून येणाऱ्या तक्रारींत निम्म्या तरी लाइटच्या असतात. लाइट गेली की राउटर बंद, परत आली की सुरू व्हायला वेळ. त्यासाठी मी छोटा यूपीएस देतो. हेही यंत्रच आहे, भाऊ.

वायरमन : आणि हे यंत्र घ्यायलाच पाहिजे. यात वाद नाही.

बहुतेक राउटर आणि फायबरचे डबे १२ व्होल्टवर चालतात आणि फार थोडी वीज घेतात. त्यांच्यासाठी बनवलेला छोटा यूपीएस काही तास पुरतो. विकत घेताना दोन्ही डब्यांचे व्होल्ट आणि अँपिअर पाहावेत. फक्त राउटर चालू आणि फायबरचा डबा बंद असेल तर उपयोग शून्य. व्होल्टेज खालीवर होणाऱ्या फीडरवर यूपीएसमुळे यंत्रांचे आयुष्यही वाढते.

यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि टिनाखालची हवा त्याहून तापते. तापलेला राउटर आपोआप वेग उतरवतो किंवा बंद-चालू होत राहतो. तो टिनापासून दूर, हवा खेळती असलेल्या जागी असावा. राउटरचा ॲडॉप्टर साठवलेल्या कापसाजवळ कधीही ठेवू नये. इथे प्रश्न वेगाचा नसून आगीचा आहे.

फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला म्हणजे बाहेरून प्रकाश येत नाही. वायर तुटलेली, उंदराने कुरतडलेली किंवा दाराच्या चौकटीत कोपऱ्यात दाबलेली असते. काचेचे फायबर घट्ट वाकवले की प्रकाश बाहेर गळतो आणि दिवा लाल न होताही जोडणी डळमळते. डब्याला येणारा प्रकाश साधारण उणे २७ डीबीएमपेक्षा क्षीण झाला की जोडणी टिकत नाही. हा आकडा डब्याच्या सेटिंगच्या पानावर दिसतो, आणि तक्रार करताना तो सांगितला तर काम लवकर होते. लाल दिवा लागलेला असताना राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करून काही मिळत नाही.

कामाचा क्रम

दोघांचे मत अखेर एका क्रमावर येऊन मिळते. आधी तीन मापे, सकाळी आणि रात्री. दोष बाहेरचा निघाला तर तक्रार, आतला निघाला तर मांडणी: राउटर मध्यावर, उघड्यावर, धातू आणि पाण्यापासून दूर. मग पट्टे आणि चॅनेल, बॅकअपची वेळ, पासवर्ड. इथपर्यंत खर्च असला तर एका केबलचाच. त्यानंतर न हलणारी उपकरणे तारेवर घ्यावीत, आणि कमजोर कोपऱ्यासाठी तारेने जोडलेला ॲक्सेस पॉइंट लावावा. तार शक्यच नसेल तिथे दोन पट्ट्यांचा रिपीटर किंवा मेश. राउटर एकाच पट्ट्याचा किंवा १०० च्या पोर्टचा असेल तर तो बदलावा. प्लॅन सगळ्यांत शेवटी वाढवावा, आणि तोही तारेवरचे माप रोजच्या वापराला पुरत नाही हे दिसल्यावरच. यूपीएस मात्र पहिल्या दिवसापासून असावा.

दुकानदार म्हणतो तसे यंत्र लागतेच. वायरमन म्हणतो तसे ते कुठे लागते हे मोजल्याशिवाय कळत नाही. ज्या घरात परीक्षेचा अर्ज, पिकाच्या अनुदानाची कागदपत्रे आणि मुलांचा अभ्यास एकाच जोडणीवर अवलंबून आहे, तिथे हा क्रम पाळला तर थोड्या पैशात चांगले नेट मिळते, आणि नंतर घेतलेले यंत्रही पूर्ण कामाला येते.